चौथ्या पायाची तार

ट्रान्झिस्टरला पाय तीन, असं आपण शाळेत घोकतो. चिपचे नकाशे काढणाऱ्यांना विचारा की! चौथाही असतो, बॉडीचा. चित्रात तो सहसा दाखवत नाहीत, पण कुठेतरी, बहुधा ग्राउंडला म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला, बांधावाच लागतो, नाहीतर चिप बिथरते.

शिंचू शहरातल्या चिप-कचेरीत शूछिन एकटीच ते बांधकाम तपासत होती. भुतांचा महिना लागलेला. बाकीचे खाली फाटकापाशी, भटक्या आत्म्यांपुढे फळं-कोंबडी मांडून उदबत्त्या लावत होते. धूर जिन्यानं वर येत होता. नकाशा संध्याकाळच्या आत कारखान्याला जायचा होता.

एका ट्रान्झिस्टरचा चौथा पाय ग्राउंडला बांधलेला नव्हताच. हा भाग शेजारच्या टेबलावरच्या च्वांगदादांनी काढलेला. ते कधीचे दवाखान्यात बेशुद्ध. पायातून निघालेल्या तारेमागे ती सरकत गेली. चिपची कड संपली. पुढे नुसता काळा पडदा, आणि त्यातून तार चाललीच होती...

तिनं तारेवरचं व्होल्टेज लावून पाहिलं. रेघ हळूच चढायची, थांबायची, उतरायची. संगणकाचं गणित केव्हाच संपलं होतं, तरी रेघ चालूच.

शूछिनला ती लय श्वासासारखी वाटली. तिनं दवाखान्यात दादांच्या उशाशी बसलेल्या च्वांगवहिनींना फोन लावला.

"दादा कसे आहेत?"

"तसेच गं. श्वास तेवढा चालू आहे. ऐक..."

फोनमधून श्वास आला, रेघ चढली. श्वास सुटला, रेघ उतरली.

तेवढ्यात तिचे वरिष्ठ, लाइसाहेब, वर आले. "काय गं, भूतबित बघितलंस की काय?"

"साहेब, ही तार... सोडवायला नको."

"वा! चौथा पाय असा पाठवला तर माझी वरात काढतील. बांध ग्राउंडला!" आणि ते आपल्या टेबलाकडे गेले.

फोन कानाशी धरून तिनं तार सोडवली. पाय ग्राउंडला बांधला.

"वहिनी...?"

"अगं, चालू आहे श्वास. रडतेस कशाला, वेडे?"

तिचा जीव भांड्यात पडला. फोन ठेवून तिनं डोळे पुसले, पडद्याकडे पाहिलं. सुटलेली तार तशीच लोंबत होती. रेघ अजून चालू होती, पण आता भरभर, हुंदक्यांसारखे हिसके देत.

शूछिननं श्वास रोखला. रेघ थांबली.

सोडला. रेघ उतरली.

"शूछिन," पलीकडच्या टेबलावरून लाइसाहेब म्हणाले, "ही सुटी तार तशीच ठेवलीस होय? राहू दे, मी इथूनच पुसतो."

'नको' म्हणून ओरडायला तिनं श्वास घेतला. रेघ वर चढू लागली, आणि अर्ध्यातच थांबली.