निळ्या तेरड्याची मोजणी

जाळीच्या आत एकशे अठरा माणसं होती, चौसष्ट गुरं, एकतीस चुली आणि एक ओढा. निळ्या तेरड्याचं रोप मात्र त्या श्रावणात एकही नव्हतं. मोजणीदार ओवी धुमाळनं कोंडवली वाडीचे आखलेले चारशे चौकोन दोनदा फिरून पाहिले आणि मगच वहीत शून्य लिहिलं.

दुसरं शून्य, मातीतल्या बियांचं, गौरी-विसर्जनानंतर मिळालं, की तीन वर्षं बंद असलेलं फाटक उघडणार होतं. शहरातल्या बागांसाठी तयार केलेला हा संकरित तेरडा डोंगरात निसटला होता आणि त्याच्या दाटीत भाताची खाचरं गुदमरत होती. पिकलेलं बोंड नुसत्या स्पर्शानं फुटायचं; बी कपड्यांना, गुरांच्या खुरांना चिकटून पुढच्या गावी जायचं. म्हणून नियम साधा होता. चौरस मीटरभर मातीत दहाहून जास्त जिवंत बिया सापडल्या, की वाडीला जाळी. आत असेल तो आत. मोजणीच्या कामावर सहा आठवड्यांसाठी आलेली ओवीही आतच राहिली होती.

रोपं मारायला खास वाढवलेला तांबेरा होता. ही बुरशी फक्त निळ्या तेरड्याची पानं खायची. मातीतल्या बिया शोधायला गंधनळी. निळ्या तेरड्याचं जिवंत बी श्वास घेताना इतर बियांहून वेगळा, पुसटसा वास सोडतं. नळी तो ओळखून आकडा दाखवायची.

ओवी पारूकाकींकडे राहायची. काकींची लेक चंद्रा फाटकाखालच्याच वाडीत दिलेली. दर शनिवारी ती पोरीला घेऊन जाळीशी यायची. अडीच वर्षांच्या त्या पोरीनं काकींचं नाव ठेवलं होतं, जाळीची आजी. काकी तिथं हसायच्या आणि घरी येऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायच्या.

गौरी आणायच्या दिवशी बायकांनी ओवीला विचारलं, तेरडा चालेल ना? इथली गौर म्हणजे ओढ्याकाठचा तेरडा, मुळांसकट उपटलेला. लालसर मुळं ही तिची पावलं. ओवीनं एकेक रोप हातात घेऊन पाहिलं. फुलं गुलाबी, पानांवर तांबेऱ्याचा ठिपकाही नाही. म्हणजे गावठीच. दरवर्षीप्रमाणे तिनं होकार दिला. तिसऱ्या दिवशी गौरी ओढ्यात गेल्या.

मग मोजणी. शेतांत सगळीकडे शून्य आलं. विसर्जनाच्या डोहाखाली नळीनं सदतीस दाखवले.

खडकाला एक गौर अडकली होती. ओवीनं तिचं बोंड नळीशी धरलं. गुलाबी फुलामागे निळ्याचंच बी होतं. दोन तेरड्यांचा संकर झाला होता, आणि त्या रोपांना तांबेरा शिवत नव्हता. ज्या खुणेवर ती विसंबली, तीच फसवी निघाली होती.

"म्हणजे आम्हीच पेरलं?" काकींनी विचारलं.

"मी पेरू दिलं, काकी."

काकी ओढ्याकडे बघत राहिल्या. ओढा जाळीबाहेर पडतो तिथं बी अडवायला लावलेली गाळणी पुराच्या दिवसांत वर उचलावी लागते, हे दोघींनाही ठाऊक होतं. "ओढा काही फाटकाशी थांबत नाही गं," त्या म्हणाल्या. "चंद्राच्याच खाचरात शिरतो."

शनिवारी ओवीनं नळी धुऊन पुसून फाटकाखालच्या फटीतून चंद्राकडे सरकवली आणि ती कुठं खुपसायची ते सांगितलं. दहाच्या वर आकडा आला, तर जाळी चंद्राच्या वाडीखाली सरकणार होती. दोन्ही वाड्या एकाच कोंडवाड्यात.

काकी जाळीत बोटं अडकवून उभ्या होत्या. "आकडा आला तर पोर माझ्या मांडीवर येईल, आणि मग इथंच अडकेल. नाही आला तर मोकळी राहील, लांबूनच दिसेल. काय मागू गं मी गौरीला?"

चंद्रानं पोरीला जाळीलगतच्या आपल्या खाचराच्या बांधावर बसवलं, साडी खोचली आणि घोटाभर चिखलात उतरून नळी खुपसली. मिनिटभरानं तिनं तिथूनच आकडा वाचून दाखवला.

एका चौरस मीटरात जिवंत बिया, त्रेपन्न.