आधी करंगळी

क्रांती रफूवाल्याच्या दुकानात शिरली, तेव्हा तिनं कागदात गुंडाळलेली साडी छातीशी घट्ट धरली होती आणि डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. बाहेर आषाढाची झिमझिम. कोल्हापुरातल्या गुजरीच्या, सराफ बाजाराच्या, मागचा तो बोळ इतका अरुंद की दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीनं मागं सरायचं. दुकान तरी केवढं! एक खिडकी, एक फळी आणि खिडकीच्या उजेडात सुई धरून बसलेला एक तरुण.

"साडीची तार ओढलीय. संध्याकाळच्या आत पाहिजे," क्रांती एका दमात म्हणाली.

"बसा की मॅडम. साडी कुठं पळून जात न्हाय."

त्यानं मोरपंखी रेशीम फळीवर पसरलं. काठापासून वीतभर आत एक तार वर आली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना कापडाला चुण्या पडल्या होत्या.

"कशात अडकली?"

"दाराला खिळा हाय आमच्या दुकानात."

त्यानं कापड डोळ्यांजवळ नेलं. मग मान वर करून तिच्याकडं बघितलं. नजर शांत होती, पण तिच्यात खट्याळपणाचा एक ठिपका होता.

"खिळ्यानं भोक पडतं मॅडम. ही तार नखानं उचललीया. अन् तेबी कापलेल्या न्हाय... कुरतडलेल्या. कुरतडलेल्या नखाला दातरं असतात, करवतीवानी."

क्रांतीचे दोन्ही हात आपसूक पाठीमागं गेले.

तिला या नोकरीत आठच दिवस झाले होते. गडमुडशिंगीची पोरगी, बी. कॉम. झालेली. महाद्वार रोडवरच्या चंदनावहिनींच्या साड्यांच्या दुकानात लागली, आणि पहिल्याच दिवशी वहिनी म्हणाल्या होत्या, "जीभ चांगली हाय तुझी. गिऱ्हाईक उठत न्हाय." साडी उलगडायची, खांद्यावर पदर टाकून दाखवायची, हसत हसत किंमत सांगायची... सगळं तिला जमत होतं. फक्त बोटं तेवढी मेली वैरी. आज भर गिऱ्हाइकासमोर नख रेशमात अडकलं. गिऱ्हाईक गेल्यावर वहिनींनी तिचा हात ओढून बघितला आणि सरळ सांगितलं, "महिनाभरात ही बोटं नीट कर. न्हायतर रेशमाच्या गादीवर मी तुला बसवू शकत न्हाय. माझाबी इलाज न्हाय."

"नाव काय तुमचं?" रफूवाल्यानं सुईत धागा ओवत विचारलं.

"क्रांती."

"अरं व्वा! अन् एवढी मोठी क्रांती नुसती नखांवरच?"

तिला राग यायला हवा होता. पण आलं ते हसू. डोळ्यांतलं पाणी कुठल्या कुठं गेलं.

"तुम्ही रफू करा. डॉक्टरकी नको."

"करतोय की." तो कामाला लागला. साडीच्याच आतल्या टोकाचा एक धागा त्यानं अलगद सोडवला आणि त्याच धाग्यानं तुटलेली वीण भरू लागला. एक धागा वरून, एक खालून. त्याची बोटं लांब होती, घाई नसलेली. क्रांती बघत राहिली. बघता बघता चुण्या विरल्या, आणि नेमकं कुठं बिघडलं होतं ते तिलाही सापडेना.

"एक सांगू?" तो म्हणाला. "अर्धा तास झाला. तुमचं बोट एकदाबी तोंडात गेलं न्हाय."

क्रांतीनं आपल्या हातांकडं बघितलं. खरंच की!

मग तिनं सगळं सांगून टाकलं. ती अकरा वर्षांची असताना थोरली बहीण लग्न होऊन गेली. दोघींची एक गादी, एक गोधडी. त्या रात्रीपासून दातांना नखं लागली ती लागलीच. आईनं कडुनिंब चोळला, मिरची लावली, पाठीत धपाटे घातले. मेडिकलमधून कडू नेलपॉलिश आणलं.

"मग?"

"आता ते गोड लागतंय."

तो इतक्या मोठ्यांदा हसला की समोरच्या चहाच्या टपरीवरच्या तानाबाईंनी वाकून बघितलं.

"तोंडाला शिक्षा करून काय उपेग? हाताला काम द्या," तो म्हणाला. त्यानं जाड्याभरड्या कापडाचा एक तुकडा तिच्यापुढं ठेवला. "हात वर जायला लागला की यातला एकेक धागा सोडवायचा. अन् दहाच्या दहा बोटं एकदम सोडायची न्हाईत. आधी करंगळी. उजवी. बाकीची खा खुशाल."

"खा खुशाल?"

"पोटभर. करंगळीला तेवढं शिवायचं न्हाय. शनिवारी येऊन दाखवायची."

"अन् नाही जमलं तर?"

"तरी या की..." तो साडीची घडी घालता घालता थबकला. "म्हणजे... कापड बदलून देतो."

त्याचं नाव ऋतुराज. गगनबावड्याचा. मामाकडं राहून रफूचं काम शिकला आणि मामा थकल्यावर दुकान त्याच्याकडं आलं. हे तिला पुढच्या शनिवारी कळलं. त्या शनिवारी तिची करंगळी शाबूत होती. नखाची जेमतेम पांढरी रेघ दिसत होती, पण दिसत होती! त्यानं ती खिडकीच्या उजेडात अशी न्याहाळली, जणू कुणी हिरा पारखायला आणलाय.

"टोक जरा खरबरीत हाय," तो म्हणाला आणि सुया घासायचा बारीक पॉलिश पेपर काढला. "बघू... हात द्या."

तिनं हात दिला. सगळ्या जगापासून लपवलेला हात. तो हळूहळू नख घासत होता. बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं, आणि क्रांतीला वाटलं, गावाकडची बस चुकली तरी चालेल.

"तुमच्याकडं पाऊस लई असतोय नव्हं?" काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं.

"तुमच्याकडं पाऊस पावणा. आमच्यात घरजावई. एकदा आला की हलायचं नाव न्हाय."

असे शनिवार येत गेले. करंगळीनंतर अनामिका, मग मधलं बोट. आपण नखं कधी खातो, हे क्रांतीला पहिल्यांदाच कळायला लागलं. बस उशिरा आली की. गिऱ्हाईक "दुसरी दाखवा" म्हणालं की. फोन वाजून कुणी बोलेनासं झालं की. त्या त्या वेळी ती पिशवीतून कापड काढायची. शेजारी बसलेल्या बायका म्हणायच्या, "काय गं, चांगलं कापड उसवायलीस?" ती नुसती हसायची.

महिना भरला. वहिनींनी रेशमाचा एक रुमाल तिच्या उजव्या हातावरून सर्रकन ओढला. रुमाल कुठंच अडकला नाही. "बस गादीवर," एवढंच म्हणून वहिनी वळल्या. पण दुपारी स्वतःच्या डब्यातली पुरणपोळी तिच्या पुढ्यात सरकवायला विसरल्या नाहीत.

खरं तर काम झालं होतं. आता दर शनिवारी बोळात जायचं काही कारण नव्हतं. पण डावा हात बाकी होता ना! दसऱ्यापर्यंत दहातली नऊ बोटं सुटली. डावा अंगठा तेवढा राहिला. "त्याला घाई नको," ऋतुराज म्हणायचा, "अंगठा लई हट्टी असतोय. दिवाळीनंतर बघू."

आणि दिवाळीच्या आधी, एका सोमवारी, क्रांती रफूची साडी घेऊन गेली तर दुकानाला कुलूप.

"पोरगी बघायला गेलाय की गावाकडं," तानाबाई गाळणीत चहा ओतत म्हणाल्या. "आईनं बोलावून घेतलंय. चांगलं स्थळ हाय म्हणं. चहा घेतीस?"

"नको," क्रांती म्हणाली.

ती दुकानात परतली. गिऱ्हाइकं आली, साड्या उलगडल्या, घड्या घातल्या. आपला त्याच्यावर हक्क काय? तो काही बोलला होता का? आपण काही बोललो होतो का? त्यानं नखं घासून दिली, बस्स. कापडाचा तुकडा पिशवीत होता, पण हात पिशवीकडं गेलाच नाही. संध्याकाळी बसमध्ये तिनं बोटांकडं बघितलं. तीन महिन्यांची कमाई एका दुपारभरात संपली होती.

मंगळवारी सकाळी वहिनींनी एकदाच तिच्या हाताकडं बघितलं. रागावल्या नाहीत. "आज रेशमाला हात लावू नको," म्हणाल्या. मग जरा वेळानं, "अन् ती साडी रफूला देऊन ये. तूच जा."

परतीचा पाऊस कोसळत होता. दुकान उघडं होतं. ऋतुराज खिडकीशी होता. तिनं साडी फळीवर ठेवली आणि वळायला लागली.

"क्रांती. हात बघू."

एरवी तिनं हात लपवले असते. आज कुणास ठाऊक कसला राग आला होता. तिनं दोन्ही हात त्याच्यापुढं पसरले. बोटांची टोकं लालबुंद झाली होती, एका ठिकाणी रक्ताचा थेंब सुकला होता.

"दहाच्या दहा?" तो पुढं वाकला. "कुणी छळलं? गिऱ्हाइकानं?"

"न्हाय."

"मग वहिनी बोलल्या?"

"न्हाय."

"मग कधी झालं हे?"

"काल. दुपारपासनं." तिनं त्याच्याकडं सरळ बघितलं. "पोरगी कशी होती?"

हातातली सुई त्यानं जपून सुयांच्या उशीत खोचली. पावसाचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला.

"चांगली होती."

"हं." तिचा हात तोंडाकडं निघाला... आणि वाटेतच त्यानं मनगट धरलं.

"ऐकून तर घे." तो पहिल्यांदाच तिच्याशी एकेरीत बोलला होता. "तिनं चहा आणला. मी आपला तिच्या बोटांकडं बघत बसलो. सुरेख नखं. रंगवलेली. अन् माझ्या मनात आलं, या बोटांशी बोलायला माझ्याकडं कायबी न्हाय. आई चिमटा काढायली, बोल की, बोल की. मी गप्प. येताना बसमध्ये सांगून टाकलं आईला... की कोल्हापुरात एक हाय. नखं खाते."

"असं सांगितलं? नखं खाते म्हणून?"

"मग काय सांगू? तेच तर खरं हाय."

"अन् मला का न्हाय सांगितलं आधी?"

ऋतुराजनं मान खाली घातली. "तू बोटं बरी करायला येत होतीस. सगळी बरी झाली की येणं बंद होईल असं वाटायचं. म्हणून तर अंगठा दिवाळीनंतर ढकलला. तो काय हट्टी-बिट्टी न्हाय. मी लबाडी केली."

क्रांती हसली, आणि हसता हसता रडली. मग डोळे पुसून कोल्हापुरी रोखठोकपणे म्हणाली, "हे बघ, मला तू आवडतोस. कापड बदलायला मी येत नव्हते. आता काय करायचं ते बोल."

"आता?" त्यानं पॉलिश पेपर काढला. "आता घासायला तर काय ठेवलं न्हाईस. पण बस. असंच धरून बसतो."

समोरून तानाबाईंनी न सांगता दोन कप चहा आणून फळीवर आदळला आणि टपरीकडं परतल्या.

त्या दिवसापासून पुन्हा उजव्या करंगळीपासून सुरुवात झाली. रविवारी क्रांती दुकानात सुती साड्यांच्या घड्या घालत बसली होती. बोटं अजून भुंडीच. एक साठीच्या बाई ओली छत्री उंबऱ्याबाहेर झटकून आत आल्या आणि गादीवर ऐसपैस बसल्या.

"काय दाखवू मावशी?"

"आधी हात दाव."

क्रांती चपापली. उंबऱ्याबाहेर, भिजत, ऋतुराज उभा होता आणि रस्त्यावरच्या रहदारीत फार रस असल्यासारखं दाखवत होता.

"मी अंबूबाई. गगनबावड्यासनं आलेय." बाईंनी तिचे हात स्वतःच्या हातात घेतले, उलटसुलट करून बघितले. क्रांतीनं डोळे मिटून घेतले.

"लई भूक लागती काय गं तुला?"

"न्हाय... मी सोडवतेय सवय. सुटली होती, पण..."

"पण माझ्या खुळ्या पोरामुळं परत लागली. सांगितलंय त्यानं." अंबूबाईंनी आपली बोटं तिच्यापुढं धरली. नखं झिजून वाकडी झालेली, कडा काळपट. "ही बघ. चाळीस वर्षं भात लावलाय. तुझी तू खाल्लीस, माझी चिखलानं खाल्ली. अन् पोरी, लग्नात मेंदी तळहातावर काढत्यात, नखांवर न्हाय. भिऊ नको."

अंबूबाईंनी गल्ल्याकडं बघून हाक दिली, "अवो वहिनी, एक रेशमी साडी दाखवा. हिरवी. भारीतली."

चंदनावहिनी उठून आल्या. क्रांती घाईघाईनं म्हणाली, "वहिनी, तुम्हीच काढा. माझी नखं..."

"मीच दाखवणार हाय," वहिनी म्हणाल्या आणि तिच्या दंडाला धरून त्यांनी तिला गादीवरून उठवलं. "तू पलीकडं जा. त्यांच्या शेजारी. आज गिऱ्हाईक तू हाईस."

क्रांती वळसा घालून गेली आणि अंबूबाईंच्या शेजारी बसली. वहिनींनी हिरवं रेशीम सर्रकन उलगडलं आणि त्याचा पदर तिच्या खांद्यावर टाकला. दारातल्या ऋतुराजला मग रहदारीत काडीचाही रस उरला नाही.