कापितानच्या पायातला दोरा

पहिल्यांदा मी एल्कानाला पाहिलं, तेव्हा तो कमरेपर्यंत समुद्रात उभा होता आणि डोक्यावर एक लाल बॅग धरून माफी मागत होता.

नावेतून धक्क्यावर टाकलेली फळी त्याच्या पायाखालून सटकली होती. माफी तो नावेतल्या म्हाताऱ्या बाईंची मागत होता, त्यांच्या डच भाषेत. मधूनच आमच्या भाषेत फळीला शिव्या घालत होता.

"फळीला काय बोलून उपयोग? ती ऐकायची नाही," मी धक्क्यावरून म्हणाले.

त्यानं वर पाहिलं. पापण्यांवरून पाणी ओघळत होतं. "ओर्पा तुम्हीच का? जंगलातल्या वाटाड्या? मला वाटलं, कोणी दाढीवाले काका असतील."

"दाढीवाले काका माझे वडील. त्यांचे गुडघे गेले, म्हणून मी येते."

"बरं झालं!" तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे... गुडघे गेले ते नव्हे हो..."

मी हसले. अगदी मोकळी हसले. त्या दिवशी मला अजून तसं हसता येत होतं.

एल्काना अंबोन शहरातला दुभाष्या. बाईंचं नाव मार्लीस. वय बाहत्तर, अंगानं काडी, पण चाल ताठ. आमच्याकडे आजीला म्हणतात तसं आम्ही त्यांना ओमा म्हणू लागलो. एवढ्या लांबून सेराम बेटावर त्या एकच गोष्ट बघायला आल्या होत्या — आमच्या रानातला गुलाबी तुऱ्याचा काकाकुवा.

आणि तो मी त्यांना दाखवणार होते. शंभर टक्के. कारण तो आमच्या स्वयंपाकघरात राहत होता.

हे सांगताना आजही माझे कान तापतात. पण सांगते.

आमच्या गावातले पुरुष पूर्वी हेच पक्षी फासे लावून धरायचे. बापानं किती धरले, त्याची गणती नाही. मग बंदी आली, पक्षी रोडावले, आणि पकडणारेच पाहुण्यांना पक्षी दाखवणारे झाले. बापानं धरलेला शेवटचा विकला गेलाच नाही. पंख कातरलेला तो पक्षी नऊ वर्षं आमच्या चुलीजवळच्या दांडीवर बसून होता. त्याचं नाव कापितान.

मी वाटाड्या झाले त्या वर्षी ओळीनं तीन वेळा पाहुणे काकाकुवा न बघता परतले. त्यातल्या एकानं परतल्यावर कुठंसं लिहिलं, 'या गावात जळवा मात्र भरपूर दिसतात.' पोस्टमास्तरनं ते छापून आणून साऱ्या गावाला वाचून दाखवलं. पुढच्या खेपेला मी उजाडायच्या आत कापितानला पिशवीत घातलं, टेकडीवरच्या केनारीच्या झाडावर चढले, आणि मासे धरायच्या बारीक तंगुसानं त्याचा पाय फांदीला बांधला. बापाला सांगितलं, त्याला जरा रानाची हवा दाखवून आणते.

पाहुणे खूश झाले. मग दुसऱ्यांदा बांधलं. ओमांच्या वेळी तिसऱ्यांदा.

त्या सकाळी आम्ही तिघं निघालो तेव्हा पानापानांतून पाणी ठिबकत होतं. एल्काना माझ्यामागून यायचा आणि दर दहा पावलांनी पायावरची जळू बघून किंचाळायचा.

"शहरात तुम्हाला काहीच चावत नाही वाटतं?" मी विचारलं.

"चावतात ना. पण आधी ओळख करून घेतात."

"मग हिची घ्या करून. नाव विचारा."

"नाव नको. तिला म्हणावं, दुसऱ्याचं रक्त गोड आहे." तो थांबला. मी मागं वळून पाहिलं, तर तो जळवेकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता... आणि पकडला गेल्यावर पटकन एका शेवाळलेल्या खोडाचं फार कौतुक करू लागला.

मी गालातल्या गालात हसले. त्याच क्षणी समोर ते केनारीचं झाड दिसलं, आणि ते हसू तिथंच गोठलं.

"श्शू..." मी बोट ओठांवर ठेवलं. सराईतासारखं. "तिकडे... तिसऱ्या फांदीवर."

ओमांची दुर्बीण आम्ही तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवली. ओमांसाठी नीट लावून द्यावी म्हणून आधी एल्काना वाकला. बघत राहिला. जरा जास्तच वेळ.

मग त्यानं डोळा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता... कोणाच्या घरात चुकून उघड्या दारातून नको ते दिसावं, तसं काहीतरी होतं. त्यानं पुन्हा वाकून दुर्बीण बोटभर वर उचलली. पक्ष्याचा तुरा दिसेल, छाती दिसेल, पाय दिसणार नाहीत — इतकीच.

"या, ओमा," तो हळूच म्हणाला.

ओमांनी पाहिलं. कापितान शहाण्यासारखा तुरा फुलवून बसला होता. बघता बघता त्यांचे खांदे हलू लागले. त्या रडत होत्या, आणि रडत रडत बोलत होत्या. एल्काना खाली मान घालून एकेक वाक्य आमच्या भाषेत आणत होता.

"त्या म्हणतात... लहानपणी त्यांच्या घरी असाच एक पक्षी होता. इथूनच नेलेला. दिवाणखान्यात पिंजऱ्यात... अठ्ठेचाळीस वर्षं. त्या पक्ष्यानं स्वतःची सगळी पिसं चोचीनं उपटली होती. शेवटची वीस वर्षं त्याला त्याच सांभाळत होत्या. सोडणार कुठं? बर्फात? त्या म्हणतात, मरायच्या आत एकदा... एक तरी मोकळा बघायचा होता."

ओमांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे हात थंडगार होते. माझी नजर वर जाईना. त्यांच्या बुटांच्या नाड्या तेवढ्या दिसत राहिल्या.

उतरताना कोणी कोणाला चिडवलं नाही. ओढ्यापाशी ओमा दगडावर बसून पाय धुऊ लागल्या, तेव्हा मी त्याच्याजवळ गेले.

"का बोलला नाहीस?" 'तुम्ही' कुठं गळून पडलं, माझं मलाच कळलं नाही.

"मी दुभाष्या आहे. दुसऱ्याचं बोलणं पोचवतो. तू काही बोललीच नाहीस."

"वर दुर्बीण सरकवलीस! माझ्यावर उपकार केलेस?"

"उपकार कसले..." तो पाण्याकडे बघत म्हणाला. "त्यांचा चेहरा पडेल, ते मला बघवलं नसतं. आणि तुझाही. मला कळलं नाही, ओर्पा. बोट आपोआप सरकलं. आता मीही त्या खोट्यात आलो, आणि मला काही सुचत नाहीये."

मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं ओढ्यात. आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकवावंसंही. दोन्हींपैकी काहीच न करता मी सरळ टेकडी चढले, कापितानला झाडावरून काढलं आणि घरी आणलं. वाटेत तो माझ्या कानाच्या पाळीशी चोचीनं खेळत होता. नेहमीसारखा.

दुपारी ओमा आमच्या ओसरीवर चहा पीत होत्या. शेजारी बापा लवंगा निवडत बसला होता. मी कापितानला मनगटावर घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. एल्काना उठलाच.

"सांग त्यांना," मी म्हणाले. "सकाळी पाहिलात तो हाच. मी बांधला होता. तो रानातला नाही, आमच्या चुलीपाशी असतो. त्याचे पंख आम्हीच कातरलेत. पाहुण्यांनी गावाला नावं ठेवू नयेत, म्हणून मी खोटं दाखवते. तुमच्या आधी दोनदा दाखवलंय. मला तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटते."

त्यानं ओठ ओले केले. मग डचमध्ये काहीतरी म्हणाला. छोटंसं.

"एवढंच? मी एवढं बोलले!"

"त्यांच्या भाषेत... कमी शब्द लागतात."

"एल्काना."

"काय?"

"सगळं सांग. लाजेचंही."

त्यानं डोळे मिटले, आणि सगळं सांगितलं. शेवटी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून आणखी काहीतरी म्हणाला. ते मी सांगितलेलं नव्हतं. दुर्बिणीचं असणार.

बापानं लवंगांचं सूप खाली ठेवलं. "हवा दाखवायला नेत होतीस ना गं?" एवढंच तो म्हणाला. मग ओमांकडे न बघता, "त्यांना सांग पोरा, फास माझा होता. हिनं फक्त दोरा बांधला."

ओमा कितीतरी वेळ कापितानचे कातरलेले पंख बघत राहिल्या. मग कप खाली ठेवला, अंगणापलीकडच्या पाहुण्यांच्या खोलीत गेल्या आणि आतून कडी लावली. संध्याकाळी मी माशाचं पिवळं कालवण घेऊन दाराशी गेले. दार उघडलं नाही. वाडगा तसाच परत आणला. एल्काना पायरीवर बसला होता. त्यानंही जेवायला नको म्हटलं. आम्ही दोघं पायरीच्या दोन टोकांना बसून राहिलो, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

सकाळी कडी वाजली. ओमा बूट घालूनच बाहेर आल्या.

"विचारतायत," एल्काना म्हणाला, "खरी जागा आहे का? नसेल तर नाही म्हणून सांग. त्या दुपारच्या नावेनं जातील."

मला खरंच ठाऊक नव्हतं. मी मान हलवणार, तोच बापा आतून बोलला.

"आहे. साळींदर-कड्याच्या पलीकडे. सांज-सकाळ यायचे तिथं. मी..." तो थांबला. "ती जागा मी कोणाला दाखवली नाही. सगळ्यात जास्त फास तिथंच लावले होते. उरले असतील तर तिथंच असतील."

वाट त्यानं मला जमिनीवर लवंगा मांडून समजावली. मान वर न करता.

अडीच तास चढलो. ओमा एकदा घसरल्या. एल्कानानं त्यांना सावरलं आणि मी एल्कानाला. त्याचा हात सुटायला हवा होता तेव्हा सुटला नाही... मी सोडवलाही नाही. पण मन तिथं ठरत नव्हतं. या हातानंच ती गाठ मारली होती, हे त्याला माहीत होतं.

कड्यावर बसून आम्ही वाट पाहिली. रांगू, आमच्याकडचा मोठ्या चोचीचा धनेश, पंखांचा भाता फुंकत गेला. तांबडे पोपट कलकलाट करत गेले. काकाकुवा नाही. ढग उतरले, पाऊस आला, एकाच प्लास्टिकच्या कागदाखाली तिघं बसलो. पाऊस गेला. तरी नाही.

"जाऊ या," मी म्हणाले. "ओमांना म्हणावं, मला माफ..."

तेवढ्यात दरीतून एक कर्कश आरोळी आली. आणि तिला उत्तर.

दोन होते. खूप लांब, धुक्याच्या कडेनं. फिकट गुलाबी, संथ, जड पंखांनी ते एका झाडावरून निघाले आणि दुसऱ्या डोंगराआड गेले. ओमांनी दुर्बीण उचलेपर्यंत संपलंसुद्धा. दहा अंक मोजावेत, एवढा वेळ.

मग ओमा हळूहळू काहीतरी म्हणाल्या. एल्काना घुटमळला.

"काय म्हणतात?"

"म्हणतात... कालचा नीट दिसला होता. हे नीट दिसलेही नाहीत. पण हे आता त्यांच्याजवळ राहतील. आणि... पुढचं गाळू का?"

"नको."

"म्हणतात, तुला त्यांनी अजून माफ केलेलं नाही. पण काल तू स्वतः येऊन सांगितलंस, ते त्या विसरणार नाहीत."

मी मान डोलावली. ओमांनी माझ्या डोक्यावर एकदा हात ठेवला, जरासा, आणि काठी घेऊन उतरू लागल्या.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर फळी मी स्वतः पायानं दाबून धरली. ओमा नावेत बसल्या. एल्काना खालीच रेंगाळत राहिला.

"ओर्पा, मला तुला एक सांगायचं—"

"नको," मी म्हणाले. "आत्ता नको. तू मला ज्या अवस्थेत पाहिलंस ना... त्यानंतर तू चांगलं बोललास, तर मला वाटेल, दया करतोस. पुन्हा दुर्बीण सरकवतोस."

त्यानं बॅग उचलली. मग नावेत चढला. नाव वळेपर्यंत मी मान वर केली नाही. केली तेव्हा तो माझ्याकडेच बघत उभा होता.

त्या आठवड्यात बापानं काठी टेकत टेकत कापितानला पोटाशी धरून शेजारच्या गावी नेलं. तिथं बंदिवासातल्या पक्ष्यांना पुन्हा उडायला शिकवतात. पिसं यायला वर्ष लागेल म्हणाले. परत आल्यावर बापा दोन दिवस चुलीकडे पाठ करून बसला. मी धक्क्याजवळ एक पाटी लावली: 'काकाकुवा दिसेलच असं नाही. दिसला, तर तो रानातला असेल.' गाव हसलं. पोस्टमास्तर म्हणाला, "आता जळवासुद्धा येणार नाहीत तुझ्याकडे." महिनाभर खरंच कोणी आलं नाही.

मग एका सकाळी मी पाटीवरचं शेवाळ पुसत होते, तेव्हा मागून कोणीतरी ती मोठ्यानं वाचली. मुद्दाम अडखळत, शाळेतल्या मुलासारखं.

एल्काना. एकटाच. पाहुणे नाहीत. चपला हातात.

"पक्षी दिसला नाही तरी चालेल," तो म्हणाला.

"मग कशाला आलास?"

"दया करायला नाही. एवढं पक्कं करायला महिना थांबलो." तो जवळ आला. "त्या दुपारी तू ओसरीवर उभी होतीस... ओमांसमोर, वडिलांसमोर, आणि तरी म्हणालीस, सगळं सांग. अशी दुसरी कोणी मी पाहिली नाही, ओर्पा. माझं तुझ्यावर प्रेम आहे. झालं. याला दुभाष्या लागणार आहे का?"

माझा चेहरा तापला. हातातलं फडकं पिळत राहिले. "तू समोर आलास की मला अजून लाज वाटते रे..."

"कोणती? आधीची?"

मी थोडा विचार केला. खरं तेच सांगायचं ठरवलं होतं ना.

"थोडी आधीची," मी म्हणाले. "थोडी... आत्ताची."

तो हसला, आणि मी फडकं त्याच्या हातात दिलं. पाटीची उरलेली अर्धी बाजू त्यानं पुसली. मी शेजारी उभी राहून बघत होते — नजर खाली न घालता.