झेक्सेनबायच्या शेतातला रानओट

तोलेपबेर्गेननं गाडी बांधालाच लावली. कोस्तनाय शहराहून इतकी धूळ खात यायचं, आणि कशाला? तर गवत बघायला! पोलिसातून निवृत्त झालेल्या रौशनआपाचं खासगी तपासाचं काम हल्ली असंच. हा तिचा चालक, मदतनीस आणि शिव्या खायचा हक्काचा माणूस.

"बघा, गव्हाच्या डोक्यावर रानओटाचं तण नाचतंय," शेतमालक झेक्सेनबाय म्हणाला. "माझ्या कोठारावरच्या सपरगालीनं गवत मारायचं औषध परस्पर विकलं आणि कॅनमध्ये पाणी भरलं. भर चौकात चोर म्हणालोय मी त्याला. संध्याकाळी पोलीस येतील. तुम्ही फक्त शिक्कामोर्तब करा."

आपा गुडघे धरून खाली बसली. गव्हात रानओट हिरवागार, पण चाकवत मात्र जळून काळा पडलेला.

"चाकवत मेलाय की."

"रुंद पानाच्या तणाचं औषध वेगळं असतं. ते चाललं."

विहिरीकडच्या पट्ट्यात सगळं उलटंच होतं. रानओट वाळून कोळपलेला, चाकवत मजेत.

"चोराला इथं दया आली असेल," तोलेपबेर्गेन म्हणाला. आपा तोवर गाडीकडे चालू लागली होती.

सपरगाली आपल्या घरात भिंतीला टेकून बसला होता. "बाई, सगळे कॅन एकाच खेपेचे. विहिरीकडे त्यातलेच वापरले. सीलबंद दिले, सील मालकांच्या सूनबाईंनी स्वतः फोडलं." मग तो आतल्या खोलीकडे बघू लागला. "पोरगी लग्नाची आहे हो. चोराच्या घरी सोयरीक कोण जोडणार?"

तोलेपबेर्गेनला त्याच्याकडे बघवेना.

मालकाची सून पेरीझात शेताची कृषितज्ज्ञ होती. मान खाली घालून तिनं चहा ओतला.

"फवारणी कुठून सुरू केलीत?" आपानं विचारलं.

"विहिरीकडून."

"आणि संपली कधी?"

"ठरल्यापेक्षा लवकर. दुसरी फेरी राहिलीच. मामंजींचा भाचा आला, त्याला फवारणीयंत्र हवं होतं."

तोलेपबेर्गेननं मान डोलावली. भाच्यानं मागितलं की आजोळानं द्यायचं, ही इकडची रीतच. त्याला नाही म्हणणं म्हणजे घराण्याचं नाक कापून घेणं.

"मामंजींना काही सांगितलंत?"

"सून सासऱ्याला काय सांगणार, आपा?"

संध्याकाळी आपानं सगळ्यांना मालकाच्या बैठकीत बसवलं. ती फार दमली होती, तक्क्याला रेलूनच बोलली.

"कॅनमध्ये पाणी असतं तर विहिरीकडचा रानओट मेला नसता. म्हणजे औषध अस्सल. मग बाकी शेतात ते का हरलं? विहिरीकडे चाकवत जिवंत आहे, म्हणजे तिथं गवताचं औषध एकटंच पडलं. रुंद पानाचं काही दिवसांनी दुसऱ्या फेरीत पडायचं होतं. ती फेरी झालीच नाही, तरी उरलेल्या शेतात चाकवत मेलाय. मग ते औषध तिथं गेलं कसं?"

तोलेपबेर्गेनच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. "दोन्ही एकाच टाकीत?"

"एकाच फेरीत. ही दोन एकत्र आली की रुंद पानाचं आपलं काम करतं, पण गवताच्या औषधाची धार जाते. रानओट थोडा पिवळा पडतो आणि पुन्हा उठतो. भाचा यंत्रासाठी दारात उभा होता. एका फेरीत उरका, असा हुकूम कुणी दिला, मालक?"

झेक्सेनबायनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी." मग तो सुनेकडे वळला. "तुला ठाऊक होतं?"

"होतं, मामंजी. टाकी भरतानाच." पेरीझात रडत होती. "सपरगालीकाकांना चोर म्हणालात, तेव्हाही गप्प बसले. माझं चुकलं."

"पोलिसांना येऊ नका सांगतो." मालक सपरगालीकडे वळला. "सपरगाली, उद्यापासून कोठारावर ये."

सपरगाली जागचा हलला नाही.

"चोर म्हणालात ते चौकात, मालक. आणि ये म्हणताय ते घरात?"

झेक्सेनबाय भिंतीचा आधार घेत उठला, टोपी चढवली, आणि दार उघडून चौकाकडे चालू लागला.