राणी मेरितासचा घसा

सन २०८४ मध्ये ऐतिहासिक मालिकेतील मृत व्यक्तीला परका आवाज देणे हा दंडनीय अपराध होता. ज्याचा घसा उपलब्ध आहे, त्याने स्वतःच्याच आवाजात बोलावे. ज्याचा नाही, त्याला नटाचा आवाज द्यावा आणि पडद्यावर ‘कल्पित’ अशी पट्टी लावावी, असा कायदा होता. इजिप्तमध्ये राजघराण्यातील प्रेते मसाले भरून जतन केली जात. त्यांचे घसे दोन हजार वर्षे टिकले. रोमन सेनापतींची चितेवर राख झाली होती. त्यामुळे ते नटांच्या आवाजात पूर्वीसारखेच गर्जत होते.

या शास्त्राला ‘कंठपुनर्रचना’ म्हणत. प्रेताच्या घशाची, टाळूची आणि नाकपुड्यांची सूक्ष्म मापे घेऊन यंत्र त्या व्यक्तीचा आवाज घडवी. तो आवाज मग कोणत्याही भाषेत बोलवता येई.

पुण्याच्या एका संस्थेत ‘राणी मेरितास’ या मालिकेचा पहिला भाग निवडक लोकांना दाखवायचा होता. इंदुमतीबाई राजाध्यक्ष यांना सत्काराचे निमंत्रण होते. वय एक्क्याऐंशी. परदेशी मालिकांच्या मराठी आवृत्त्यांत तीस वर्षे मेरितासचा आवाज त्यांचा होता. कायदा आला आणि तो आवाज खोटा ठरला. शाल-श्रीफळ त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवले आणि पडद्याकडे पाहिले.

रोमन सेनापती मार्सेलस राणीकडे राज्य मागत होता. राणीने हनुवटी उचलली.

“हं... तुमच्या जहाजांना पाणी आमच्याच विहिरींचे लागते, सेनापती. आधी ते मागा.”

“थांबवा,” इंदुमतीबाई म्हणाल्या. चित्र थांबले. “हा हुंकार कुठून आणलात?”

“राणीची सवय आहे ती, बाई,” शास्त्रज्ञ डॉ. शाल्मली घैसास अभिमानाने म्हणाली. “नकार देण्यापूर्वी ती असा हुंकार भरते. यंत्राने शोधून काढले.”

“शोधून? अगं मुली, तो हुंकार माझा आहे! मूळ नटीचे ओठ आमच्या वाक्याच्या आधीच उघडायचे. ती पोकळी दिसू नये म्हणून डबिंग करणारा काहीतरी भरतो. मी हुंकार भरला. आणि तो तरी कुणाचा? माझ्या सासूबाईंचा. पंगतीत मीठ वाढायचे राहिले की त्या असाच करीत.”

कोणीतरी हसले. शाल्मली हसली नाही.

“घसा म्हणजे बासरी, बाई,” ती सावकाश म्हणाली. “बासरी मोजली की स्वर कळतो, राग कळत नाही. बोलण्याची ढब आम्ही जुन्या ध्वनिमुद्रणांवरून यंत्राला शिकवली.”

“कुणाच्या?”

“इजिप्तच्या राण्यांचे जेवढे संवाद मिळाले, तेवढे सगळे.”

“म्हणजे आमचे. आम्हाला खोटे ठरवायचे आणि शिकायचेही आमच्याकडूनच?”

निर्माते भालेराव पुढे झाले. “बाई, एवढे लिहून द्या, की तो हुंकार तुम्हाला इजिप्तच्या एखाद्या तज्ज्ञाने सुचवला होता. नाही तर हा आवाज परका ठरेल आणि राणी हातची जाईल.”

“भालेराव, मी जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडून बोलले. स्वतःच्या तोंडून खोटे बोललेले नाही.”

हुंकार आपलाच आहे, हे सत्य त्यांनी लिहून दिले आणि खाली सही केली.

आठवड्याने शाल्मलीने त्यांना पुन्हा बोलावले. जुनी ध्वनिमुद्रणे यंत्रातून वगळली होती. तिने कळ दाबली. खोलीत एक लांब, सपाट ‘आ’ उमटला. तो स्वच्छ होता, बाईचा होता आणि कोणाचाच नव्हता.

“पुढे?”

“पुढे काही नाही. निश्चित म्हणता येईल, ते एवढेच.”

“मग पट्टी लावा आणि माझा आवाज घ्या.”

“घसा उपलब्ध आहे, बाई. कायद्याने दुसरा आवाज चालत नाही.”

“अगं, पण ते विहिरींचे वाक्य तिने सेनापतीला लिहिलेल्या पत्रातले आहे ना?”

“शब्द तिचे आहेत. ते उच्चारायला आवाज नाही.”

“मग खाली लिहून दाखवा!”

“प्रेक्षक वाचत नाहीत,” भालेराव म्हणाले. त्यांनी राणीचे संवाद कापले.

मालिका गाजली. मार्सेलस पट्टीसह तासभर बोले आणि मेरितास त्याच्याकडे पाहत राही. इतकी अस्सल राणी यापूर्वी दाखवली गेली नव्हती, असे समीक्षकांनी लिहिले. दोन वर्षांनी शालेय इतिहासात नवे वाक्य आले: ‘राणी मेरितासने रोमच्या अटी विनातक्रार मान्य केल्या.’

इंदुमतीबाई पत्राची प्रत घेऊन पाठ्यपुस्तक मंडळात गेल्या. “वाचा. स्वच्छ नकार आहे.”

अधिकाऱ्याने ते आदराने वाचले. “आहे खरा. पण पत्राचा अर्थ लावावा लागतो, आजी. कायद्याने प्रमाणित केलेल्या दृश्याचा लावावा लागत नाही. त्यात राणी गप्प आहे.”

“ती गप्प नव्हती. तिला गप्प केले.”

“कोणी?”

अधिकाऱ्याने मालिकेची फाइल उघडून त्यांच्यापुढे सरकवली. हुंकाराचे ते निवेदन खरे होते, अक्षर वळणदार होते, आणि खाली त्यांचीच सही होती.