आईचं तोंड भिंतीकडे

हातात जपमाळ आहे. पदरचा एक शब्दही घालणार नाही.

हे घडलं माझ्या जावेच्या, एल्सीच्या बाबतीत. आमच्या पोमुच गावच्या दफनभूमीत, ऑक्टोबरच्या शेवटी. रात्र नव्हती. ऊन डोक्यावर होतं.

आमच्याकडे माणूस पुरून तीन वर्षं झाली की हाडं वर काढून पेटीत ठेवतात. मग दर वर्षी, मृतांच्या सणाआधी, घरचीच माणसं ती झाडून-पुसून भरतकामाच्या नव्या कापडावर मांडतात. कवटी सगळ्यांत शेवटी, तोंड बाहेर. पेटी उघडीच. आलेली माणसं त्यांना दिसायला हवीत ना!

एल्सीच्या आईची ती पहिलीच सफाई.

आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. सेवा एल्सीच्या थोरल्या बहिणीने, फिदेलियाने केली. एल्सी दूर कान्कून शहरात, हॉटेलात कामाला. 'येते, येते' म्हणत राहिली...

आली ती मातीलाच.

म्हणून कापड तिने स्वतः भरलं होतं. आईने माफ करावं, एवढंच तिला हवं होतं.

"बोटं नीट पूस," फिदेलिया म्हणाली. "हीच बोटं दाराकडे करून आई विचारायची, एल्सी आली का गं?"

"ताई, आज तरी नको."

"मग कधी? तुझी सुट्टी कधी असते ते सांग, तेव्हा बोलते."

एल्सीने कवटी ठेवली. तोंड बाहेर. मेणबत्ती लावायला वळली...

खर्र...

आईचं तोंड भिंतीकडे होतं.

"ताई, असली थट्टा करू नकोस!"

"मी? माझे हात बघ की!"

दोन्ही हातांत फुलं होती.

फिदेलिया नळावर पाणी आणायला गेली. एल्सीने कवटी पुन्हा वळवली. नजर हटवली नाही. वारा पडला होता. आजूबाजूची कुजबुजही थांबली होती...

प्रार्थनेला तिने क्षणभर डोळे मिटले.

खर्र...

पुन्हा भिंत.

फिदेलिया परतली आणि बघतच राहिली. मग तिने स्वतः कवटी उचलून ठेवली. "आई, मी आहे गं."

कवटी हलली नाही.

पुढे दर वर्षी कापड एल्सीचं, मांडायची मात्र फिदेलिया.

या मे महिन्यात फिदेलिया गेली. आईच्या पेटीसमोरच, वाटेपलीकडे पुरली.

ऑक्टोबरला एल्सी एकटी. तिने आईला ठेवलं, अगदी सरळ. डोळे मिटले. थांबली...

आवाज नाही.

आई बाहेर बघत होती!

"केलंस ना गं माफ?" एल्सी ढसाढसा रडली.

डोळे पुसून तिने नीट पाहिलं...

कवटी जराशी तिरकी झाली होती. आई तिच्याकडे बघतच नव्हती. तिच्या खांद्यावरून, फिदेलियाच्या ताज्या मातीकडे बघत होती.

तीन वर्षांनी फिदेलियालाही वर काढायचंय. तिची हाडं पुसायला एल्सीशिवाय कोणी नाही.

"जाऊबाई," काल तिने विचारलं, "ताई तरी बघेल ना हो माझ्याकडे?"

मी 'हो' म्हणाले. पण तिच्याकडे बघून म्हणवलं नाही...