एक माणूस कमी

पहिल्याच भेटीत अनुजने रिसेप्शनच्या काचेच्या दारावर कपाळ आपटलं. दार उघडंच आहे असं समजून तो सरळ चालत आला होता.

"लागलं का?" मेघालीने विचारलं.

"दाराला?" कपाळ चोळत तो म्हणाला. "नसेल लागलं."

मेघालीला हसू आवरेना. एरवी हसू आवरणं हा तिच्या कामाचाच भाग. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या रंगाच्या कारखान्यात ती चार वर्षं रिसेप्शनिस्ट होती आणि लवकरच मुख्य रिसेप्शनिस्टची जागा रिकामी होणार होती. त्या जागेवर तिचा डोळा होता. घिवलीत मासळी विकणाऱ्या हंसाबाईंची ही लेक फोनवर इतकं मऊ बोलायची की समोरचा दोनदा थँक्यू म्हणायचा. फक्त चिडली, की तोंडून घिवलीची बोली बाहेर पडायची.

अनुज एडवणचा. महिन्यातून एकदा वजनकाटे तपासायला यायचा. पाहुण्याला गळ्यात अडकवायला पास द्यायचा, जाताना परत घ्यायचा आणि वहीत वेळ टाकायची, हा नियम मेघालीनेच घालून दिलेला. त्या दिवशी मात्र अनुज पास घेऊनच गेला... आणि दुसऱ्या दिवशी द्यायला आला.

"विसरता कसा? गळ्यातच तर होता!"

"काल जाताना तुम्ही 'या हं' म्हणालात ना... म्हणून आलो."

पुढच्या महिन्यात तो पुन्हा विसरला. त्याच्या पुढच्याही. मेघाली आठ्या घालून पास घ्यायची, पण तो परत करायला यायच्या दिवशी नवे कानातले घालायला ती कधी विसरली नाही.

पाचव्या खेपेला घोळ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सायरन वाजला. आगीची मॉक ड्रिल होती! सगळे मैदानात जमले, मोजणी सुरू झाली. पाहुण्यांची वही मेघालीकडे. अनुजच्या नावापुढे कालपासून जाण्याची वेळ कोरी. आज येईलच की, म्हणून तिने ती तशीच ठेवली होती.

"एक माणूस कमी!" सुरक्षा अधिकारी कमलाकांत साहेब ओरडले. चार जण दोर-शिड्या घेऊन रंगाच्या टाक्यांकडे धावले.

मेघालीने अनुजला फोन लावला. "कुठं हायस तू?"

"कुंभवलीच्या नाक्यावर. इडली खातोय. तुमच्याकडेच—"

"इडली टाक नि ये! इथं तुला टाकीत शोधतात!"

दहा मिनिटांत तो हजर. शर्टावर चटणी, गळ्यात पास.

"साब, लापता मिल गया!" कोणीतरी ओरडलं.

"साहेब, यांची चूक नाही," अनुज धापा टाकत म्हणाला. "पास मी मुद्दाम नेतो. द्यायला आलं की... यांना भेटता येतं."

शिट्ट्या वाजल्या. मेघालीचे कान लाल झाले. ती गप्प राहिली असती तर तिची बढती वाचली असती. पण अनुजला कारखान्याचं दार कायमचं बंद झालं असतं.

"तो एकटाच नाय, सायेब," ती म्हणाली. मऊ आवाज कुठल्या कुठे गेला होता. "पहिल्यांदा वाटलं, विसरला. मग दर वेळी मला ठाऊक होतं. हटकायचं सोडून मी... मी वाट बघायची त्याची!"

अनुज पापणी लववायचीही विसरला. कमलाकांत साहेबांनी सावकाश चष्मा पुसला.

"प्रेमात पडा, पण वहीत वेळ टाकून पडा. तीन महिने बघतो. एकही पास बाहेर गेला नाही, तर वर सांगतो, जागा तुमची."

त्यानंतर अनुज पास उतरवूनच दाराकडे वळायचा, इतका साळसूदपणे की वॉचमनला संशय यायचा. चौथ्या महिन्यात टेबलावर पाटी आली: मेघाली तामोरे, मुख्य रिसेप्शनिस्ट. अनुजने पास तिच्या हातात ठेवला. तिने घड्याळ बघून वेळ टाकली.

"झालं," तो हिरमुसून म्हणाला. "आता महिनाभर यायला निमित्त नाही."

मेघालीने इकडेतिकडे बघितलं आणि वही मिटली.

"रविवारी घिवलीला ये. तिथं पास लागत नाय."

"खरंच?"

"हां... पण दारात आई असते. तिनं एकदा आत घेतलं ना, की ती जायची वेळ टाकत नाय."